मीठबंगल्याच्या मागच्या इमारती

इंगळे काका,

तुमच्या पुण्यानुमोदनाला ऐरोलीच्या हॉलमध्ये जो उठला तो एकच बोलला. शांत माणूस. मितभाषी. कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी मागच्या रांगेत बसून चडफडत होते. तुम्ही आणि मितभाषी? माझ्याशी दीड वर्ष भांडलात. बसस्टॉपवर भांडलात, फोनवर भांडलात, एकदा तर डबा उघडून बसलो असताना चपातीचा तुकडा हातात धरून इतके भांडलात की कावळ्याने तुमची भाजी नेली. ज्यांना तुम्ही मितभाषी वाटलात त्यांनी तुम्हाला कधी भिंतीबद्दल विचारलं नसणार.

मला त्या दिवशी माईक दिला नाही. बरंच झालं. पाच मिनिटांत माझं आवरलं नसतं.

तुम्हाला जागा सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांना सांगते. उलव्याच्या खाडीकडच्या टोकाला, नव्या टॉवरांच्या मागे, आमच्या गावाच्या कुंपणाला लागून मिठागराच्या शेठची जुनी वाडी आहे. मिठागरं कधीच बुजली. शेठचे वारस कुठेतरी परदेशात, आणि जमीन आता एका बिल्डरच्या ताब्यात. वाडीच्या मधोमध बंगला: काळ्या दगडाचं उंच जोतं, तिन्ही बाजूंनी व्हरांडा, सागाचे खांब, मंगलोरी कौलं. त्याला आम्ही मीठबंगला म्हणतो. मागे पाच गोष्टी आहेत, म्हणजे होत्या. मिठाचं कोठार, वेगळं स्वयंपाकघर, विहीर, घोड्यांचा तबेला आणि नोकरांच्या खोल्यांची ओळ. ती ओळ तर मी लहान असतानाच पडली. माझे पणजोबा शेठच्या मिठागरात राबले. बंगल्याच्या व्हरांड्यावर आमच्या घरातलं कुणी कधी चढलं नाही.

आमच्या समितीत पत्रकं लिहायचं काम माझं. बिल्डर सगळंच पाडणार असं कळलं आणि मी फोटो काढायला आत शिरले. बंगल्याकडे पाठ करून एक म्हातारा कोठाराच्या भिंतीला टेप लावत होता.

"काका, बंगला तिकडे आहे," मी म्हटलं.

"दिसला. तो काही पळून जात नाही. हे टोक धर."

एवढीच आपली ओळख. नाव तुम्ही नंतर विचारलंत, तेही कागदावर लिहायला. टेपचं दुसरं टोक ज्याने धरलं त्याचं नाव नकाशाच्या कोपऱ्यात तुमच्या नावाशेजारी जायचं, ही तुमची पद्धत. "मोजणी एकट्याची नसते. उद्या कुणी विचारलं तर दोघांनी उत्तर द्यायचं," म्हणालात. मी चिडले. फोटो काढायला आलेय आणि हे म्हातारं मला मजूर समजतंय! तरी टोक धरलं. तुमच्या आवाजात काहीतरी होतं ज्याला नाही म्हणता येत नव्हतं.

नोकरीच्या सुरुवातीला तुम्ही ड्राफ्ट्समन म्हणून याच वाडीत मोजणीला आला होतात. साहेबांनी सांगितलं, फक्त मुख्य इमारत काढा, मागचं सोडून द्या. तुम्ही सोडून दिलंत. रिटायर होईपर्यंत ते टोचत राहिलं. आणि मग गुडघ्याला पट्टा बांधून, दोन बस बदलून ऐरोलीहून उलव्याला, आठवड्यातून तीनदा. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी काही देणार नव्हतं.

माझे बाबा कुंपणाशी उभे राहून बघायचे. "ए, त्या म्हाताऱ्याला पानी तरी दे. सकालपासून भिंतीला चिकटून हाय," म्हणायचे. मग स्वतःच तांब्या घेऊन आले आणि तुम्हाला सुनावलं, "काका, मालकाची वाडी हाय ती. आमच्या मानसांनी तिथं पाठी सोलून घेतल्या. तुमी कनाला जीव टाकता?"

तुम्ही तांब्या खाली ठेवलात. "मालकाने नुसतं सांगितलं, पाटील. बांधलं कुणी?"

बाबा तांब्या उचलून परत गेले. पण दुसऱ्या दिवशी तांब्याबरोबर दोन भाकऱ्याही आल्या.

मला मात्र पटलं नव्हतं. मला बंगला गावाला हवा होता, वाचनालयाला, अभ्यासिकेला, आणि खरं सांगते, थोडा सूड म्हणूनही. शेठच्या व्हरांड्यावर आमच्या पोरी पुस्तकं घेऊन बसतील, असं मी मनात रंगवलं होतं. कोठाराशी मला काय करायचं होतं? बिनखिडक्यांचं लांबलचक डबडं.

त्या डबड्यात तुम्ही मला नेलंत आणि म्हणालात, "एक खिळा शोधून दाखव. सापडला तर मी उद्यापासून येत नाही."

मी मोबाईलचा टॉर्च लावून अर्धा तास शोधला. तुळया, वासे, दारं. एक लोखंडी खिळा नाही! जिथे तिथे लाकडाच्या खुंट्या ठोकलेल्या. दाराला बिजागरीसुद्धा नाही. फळीलाच वर-खाली जाड खुंटे कोरलेले आणि ते दगडाच्या खोबणीत फिरतात. तुम्ही एका बोटाने ते दार ढकललंत आणि ते आवाज न करता उघडलं. मिठाच्या हवेत लोखंड चार वर्षं टिकत नाही, म्हणून बांधणाऱ्यांनी लोखंड आत येऊच दिलं नाही. "या माणसांनी कॉलेज बघितलं नव्हतं," म्हणालात, "पण शंभर वर्षं पुढचा गंज बघितला होता." मग जमिनीवर बसून फरशीचा उतार दाखवलात. मीठ पावसाळ्यात पाणी सोडतं, ते मधल्या नालीत यावं आणि भिंतीत मुरू नये म्हणून प्रत्येक फरशी नालीकडे जराशी कललेली. तुम्ही बाटलीतलं पाणी ओतलंत. ते आपलं आपण वाट काढत नालीत गेलं. तुमचा चेहरा तेव्हा असा झाला होता, काका, की मी फोटो काढायला विसरले.

स्वयंपाकघराचंही तसंच. ते बंगल्यापासून लांब का, याचं माझं उत्तर तयार होतं: शेठला धूर नको, नोकराचं तोंड नको. तुम्ही म्हणालात, बरोबर, आता आत चल. छपराला मध्येच एक उंच टोपी चढवली आहे, चारी बाजूंनी फटी. चूल पेटली की धूर सरळ वर जायचा. उंच ओट्यावर बाईला उभं राहून काम करता यायचं. "शेठला आपल्या जेवणाला धुराचा वास नको होता, एवढंच. पण हे काढणाऱ्या सुताराची आई चुलीपुढे खोकून खोकून बेजार झाली असणार," तुम्ही म्हणालात. ही तुमची कल्पना होती, पुरावा काही नव्हता. मी तसं तोंडावर म्हटलं. तुम्ही हसलात. "नकाशात लिहिणार नाही. तुला सांगितलं फक्त."

आणि विहीर. विहिरीवर आपलं सगळ्यात मोठं भांडण झालं. काठाच्या दगडात एक पन्हळ कोरली आहे. ती कुंपणाच्या भिंतीतून आरपार जाते आणि बाहेर एका दगडी डोणीत पाणी सोडते. वाडीतल्या माणसांनी विहिरीवर भरायचं, मिठागरातल्यांनी बाहेरच्या डोणीत ओंजळ धरायची. माझे पणजोबा त्या डोणीवर प्यायले असणार. मी पेटले. पत्रकाचं शीर्षकच मला दिसायला लागलं. तुम्ही मात्र शांतपणे भिंतीतल्या भोकाची लांबी-रुंदी मोजत होतात.

"तुम्हाला राग येत नाही?" मी ओरडले.

"माझ्या आजोबांना आमच्या गावात अशी डोणीसुद्धा नव्हती," तुम्ही म्हणालात. "आता टोक नीट धर. हे भोक कागदावर इतकं अचूक आलं पाहिजे की उद्या कुणाला असं काही नव्हतंच म्हणता येऊ नये."

मी टोक धरलं. तरी बोलले. तुम्ही थंड आहात, तुमच्या पिढीने असंच सगळं मोजत बसून घालवलं, असं बरंच. त्याची माफी मी मागितली नाही. ती आता मागते.

मग पत्रक. तुम्ही एका वहीच्या पानावर सुबक अक्षरात यादी दिलीत: बंगला, कोठार, स्वयंपाकघर, विहीर व डोणी, तबेला, खोल्यांच्या ओळीचं जोतं. प्रत्येकापुढे एक ओळ. "हे सगळं आलं पाहिजे. एक राहिलं तर तेच जाईल," म्हणालात. मी म्हटलं, काका, पत्रकात मागणी एकच असते, नाहीतर लोक वाचत नाहीत. तुम्ही म्हणालात, वाडी एकच आहे, मागणीही एकच आहे, तिला सहा नावं आहेत. आपण वाद अर्धवट सोडला. पत्रक छापून आलं. "मीठबंगला वाचवा!" आणि खाली बंगल्याचा फोटो.

गावाबरोबरच्या बैठकीला बिल्डरचा माणूस तेच पत्रक घेऊन आला होता. घडी उलगडून सगळ्यांना दाखवलं.

"ताई, भांडण कशाचं? तुम्ही म्हणालात बंगला वाचवा. वाचवला! क्लबहाऊस करतोय, एकदम झकास. मागच्या शेडबद्दल तुमच्या कागदात एक अक्षर नाही. असेल तर दाखवा."

माझ्याच गावातले दोघे टाळ्या वाजवून हसले. मी इतकी पत्रकं लिहिली, पण माझंच वाक्य माझ्या घशात कुणी असं कोंबलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला. तबेल्याचा नकाशा द्या, सकाळी हरकत दाखल करते. तुम्ही म्हणालात, नाही. तबेल्याचे दोन्ही कर्ण सारखे येत नाहीत, मोजणी कुठेतरी चुकली आहे, चुकीचा कागद माझ्या सहीने जाणार नाही. मी हात जोडले, मग शिव्या दिल्या. "चार बोटांचा फरक कोण बघतंय, काका?" तुम्ही म्हणालात, "मी."

तिसऱ्या दिवशी तबेला पाडला.

आपण दोघं पोचलो तेव्हा कौलांचा चुरा पडला होता आणि घोड्यांच्या दगडी डोण्या ट्रकमध्ये चढत होत्या. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. उघड्या पडलेल्या जोत्यावरून चालत गेलात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि खाडीकडच्या बाजूला थांबलात. तिथे जुना बांध दिसत होता. भरती अडवायचा बांध, थोडा तिरपा गेलेला. तबेल्याची मागची भिंत त्या बांधावरच चढवली होती, म्हणून तिरपी होती. तुमची मोजणी पहिल्या दिवसापासून बरोबर होती. तबेला काटकोनात नव्हताच.

"टेप बरोबर होता गं," तुम्ही म्हणालात आणि तिथेच मातीत बसलात.

त्या क्षणी मला तुमचा भयंकर राग आला होता. आजही थोडा आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, मी रागावते. एवढी वर्षं चुकलेल्या नकाशांवर साहेबांच्या सह्या बघून तुम्हाला स्वतःची एक चूक सहन होत नव्हती, आणि ती चूक नव्हतीच.

पण पुढे जे केलंत ते मी कधी पाहिलं नव्हतं. जेसीबी वळून कोठाराकडे निघाला. मी आडवी पडायच्या तयारीत होते. आमच्याकडे तीच पद्धत. तुम्ही उठलात, पँट झटकलीत, खिशातून टेप काढलात आणि सरळ ड्रायव्हरच्या खिडकीशी गेलात.

"कुठला रे तू?"

"माजलगावकडचा. बाजूला व्हा की काका, मला सारखा फोन यायलाय."

"मी परभणीचा. म्हणजे गोदावरीचंच पाणी. उतर जरा, हे टोक धर. आतली एक उंची राहिली माझी. तुझा हात लांब आहे."

"आन् फोन आला तर?"

"सांग, मोजणी चालू आहे. खोटं थोडंच आहे."

तो उतरला, काका! मशीन बंद करून उतरला. मी तशीच सरकारी कार्यालयाकडे धावले आणि तबेला पाडल्याची तक्रार लिहून दिली. सुनावणी होईपर्यंत काम थांबवायचा कागद घेऊन दुपारी परतले, तेव्हा तो पोरगा कोठारात फरशीवर मांडी घालून बसला होता आणि तुम्ही त्याला लाकडी खुंट्या दाखवत होतात. मला बघून तो म्हणाला, "ताई, हे पाडायला नाही यायचं बगा. ह्याला खिळाच नाही तर मोडायचं कुठून?" कोठाराच्या नकाशावर तुमच्या शेजारी त्याचं नाव आहे.

आता ते सांगते जे सांगायचं राहिलं.

मी शेवटचं भेटायला आले तेव्हा तुम्ही खाटेवर होतात. काकूंनी नकाशांची गुंडाळी माझ्या हातात दिली. सगळे पूर्ण, सगळ्यांवर सही. तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "त्या पत्रकात माझी यादी का नाही आली गं?"

"जागा नव्हती, काका."

"असो. छपाईत होतं असं."

जागा होती. अर्ध्या पानावर बंगल्याचा फोटो होता, पुढे गुलमोहोर फुललेला. मला तो फोटो मोठा हवा होता. तुमची यादी मी लावून बघितली होती; ती रेशन दुकानाच्या फळ्यासारखी दिसत होती, म्हणून काढून टाकली. तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्या मांडीवर तुमचे एवढे अचूक कागद होते आणि मी खोटं बोलले. तुम्ही ते छपाईवर घातलंत. तुम्हाला खरं कळलं होतं का? तुम्ही भिंतीच्या आतलं ओळखायचात. मी तर समोर बसले होते.

सुनावणी परवा झाली. तुम्ही असायला हवे होतात, एरवी म्हणतात तसं नाही म्हणत. मला पाचव्या नकाशातली खूण वाचता येत नव्हती म्हणून.

अधिकारी बाईंनी पत्रक वर धरलं. "मागणी तुमचीच ना?"

"माझीच. चुकीची आहे."

बिल्डरचा माणूस हसला. "मॅडम, यांचं रोज नवीन असतं."

"मग बरोबर काय?" बाईंनी विचारलं.

मी नकाशे पसरले आणि एकेक इमारत नावाने सांगितली. कोठारावर त्या थांबल्या. लाकडी खुंट्या खरंच आहेत का, विचारलं. म्हटलं, चला बघू. आणि त्या आल्या, काका, त्याच दुपारी. डोक्यावरून विमान उतरत होतं, काही ऐकू येत नव्हतं. बाईंनी कोठाराचं दार एका हाताने ढकललं, उघडलं तेव्हा मागे वळून माझ्याकडे बघितलं. स्वयंपाकघरात त्या टोपीखाली मान वर करून उभ्या राहिल्या. डोणीपाशी बसून भिंतीतल्या भोकातून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. बिल्डरच्या माणसाने घड्याळ दाखवलं तरी उठल्या नाहीत.

हुकूम निघाला. बंगला, कोठार, स्वयंपाकघर, विहीर व डोणी आणि खोल्यांच्या ओळीचं जोतं ही सगळी मिळून एक वास्तू, यातल्या कशालाही अंतिम निर्णयापर्यंत हात लावायचा नाही. तबेला आता नाही तर नकाशातून काढून टाकू का, असं बाईंच्या कारकुनाने विचारलं. मी नाही म्हटलं. तुम्हा नकाशे काढणाऱ्यांची तऱ्हा मला काकूंनी सांगितली होती, पाडलेली इमारत तुटक रेघेत दाखवतात. तशी दाखवली आहे. अंतिम निर्णय काय लागेल मला माहीत नाही. बिल्डर वर अपिलात जाईल. आपण हरूही.

पण तोपर्यंत वाडीची देखभाल गावातल्या एका जबाबदार व्यक्तीकडे, असं हुकुमात कलम आहे. छत गळलं, कुणी दार चोरलं, तर जाब त्या व्यक्तीला. कारकुनाने कागद पुढे केला. आजवर माझ्या प्रत्येक पत्रकाखाली मी "समस्त ग्रामस्थ" लिहीत आले. त्याने बरं असतं. चुकलं तर सगळ्यांचं चुकतं. हाताच्या सवयीने मी "सम" एवढं लिहिलंसुद्धा.

ते खोडलं आणि माझं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, पूर्ण.